गाडीखालचा चौकोन

सकाळी पावणेसातला गाडी काढली, थोडी पुढं नेली, सहज आरशात बघितलं तर मागं रस्त्यावर गाडीच्याच मापाचा एक चौकोन. आजूबाजूचा सगळा रस्ता लख्ख, रात्री झाडायची मशीन फिरून गेलेली, आणि बरोब्बर आमची गाडी उभी होती तेवढ्याच जागेत कडुलिंबाची पिवळी पानं, दोन गुटख्याच्या पुड्या, शेवेची एक रिकामी थैली आणि धूळ. सफाई मित्र ताई (ती स्वतःला झाडूवालीच म्हणते, सफाई मित्र पेपरात) तिथंच झाडू घेऊन उभी होती, म्हणाली, "दीदी, मशीन तो आपकी गाड़ी के बाजू से घूम के निकल जाती है, ये वाला डब्बा रोज मेरे खाते में आता है." मी ओशाळून सॉरी म्हटलं, ती हसली, आणि मला ऑफिसला उशीर होत होता म्हणून मी सटकले.

पण तो डब्बा डोक्यातून जाईना. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं म्हणून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर आपण काय काय मिरवतो, मी तर जास्तच मिरवते, पोहे-जलेबी खाऊ घालताना कागद कुठं टाकायचा यावर लेक्चरसुद्धा देते, आणि त्या पहिल्या नंबरातला साडेतीन बाय दीड मीटरचा तुकडा रोज आमच्या गाडीपायी तसाच राहतो.

आता गाडी रस्त्यावर का, ते सांगते. आमचं घर रामबागेच्या बाजूला, जुनं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. तेव्हा घर बांधताना विहीर कुठं, देवघर कुठं, ओटला किती उंच याचा विचार व्हायचा, मोटार कुठं ठेवायची हा विचार कोण करणार, सायकल ओटल्याला टेकवली की झालं. गल्ली पंधरा फुटांची. स्कूटर होती तोवर ती बोळात ढकलून आत घ्यायचो. मग जुनी वॅगनआर घेतली, तीन-चार महिने घरासमोर मजेत उभी केली, आणि मग समोरच्यांनीही गाडी घेतली. संपलं. एक दिवस कचरागाडी गल्लीत शिरूच शकली नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गाणं चालू, अख्खी गल्ली डबे घेऊन मेन रोडपर्यंत चालत, आणि चालता चालता प्रत्येक जण आमच्या दोन्ही घरांकडे बघतोय. त्या दिवसापासून आम्ही शहाण्यासारखी गाडी मेन रोडच्या कडेला उभी करायला लागलो. रात्रीचं तर काय, ट्रॅफिक नाही, हवालदार नाही, कोण विचारतंय, असं आम्हाला वाटायचं. आम्हालाच कशाला, सगळ्यांनाच वाटतं. नो पार्किंग वगैरे जे काही असतं ते दुकानं उघडली की सुरू आणि शटर पडलं की बंद असा आपला सर्वांचा एक अलिखित समज आहे.

मग आली अनंत चतुर्दशी. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडे त्या रात्री झांकी, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, अशा जुन्या कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केलेली परंपरा, गिरण्या कधीच्या बंद पडल्या पण झांकी अजून निघतात, रात्रभर, जेल रोड, एमजी रोड, जवाहर मार्ग करत राजवाड्यापर्यंत, आणि पहाटेपर्यंत माणसं पोरांना खांद्यावर घेऊन उभी. त्या रस्त्यांवरच्या गाड्या हलवा म्हणून आधीपासून माइकवरून सांगत फिरतात, पेपरात मार्गाचा नकाशा येतो. आम्ही नेमके देवासला मावससासूबाईंकडे, दिरांच्या गाडीतून गेलेलो, आमची गाडी आदल्या दुपारपासून तिथंच उभी. परत येऊन बघतो तर जागा रिकामी.

नवरा पांढराफटक. मी चावी पर्समध्ये आहे का बघतेय, जणू चावी असली म्हणजे गाडीही असणार. कोपऱ्यावरचे काका ओटल्यावर बसलेले, शांतपणे म्हणाले, "अगं सूनबाई, चोरीला नाही गेली. क्रेननं नेली. तुमच्याआधी तीन नेल्या, तुमची चौथी. मी सांगत होतो त्यांना, घरचे गावाला गेलेत म्हणून, तर तो म्हणे बाबूजी मग गाडी पण घेऊन जायची ना."

दुसऱ्या दिवशी गाडी सोडवायला गेलो. दंडाची पावती वेगळी, क्रेनचे पैसे वेगळे. मी जरा वाद घालायचा प्रयत्न केला, की तिथं नो पार्किंगचा बोर्ड नाहीये, आम्ही रोज रात्री उभी करतो, आजवर कुणी काही बोललं नाही. तिथला हवालदार वयस्कर होता, चिडला वगैरे नाही, त्यानं फक्त विचारलं, "कब से खड़ी थी?" नवरा प्रामाणिक, बोलून गेला, "परसों दोपहर से." त्यावर तो म्हणाला, "तो भिया, दस घंटे तो कब के हो गए." आणि पुढच्याचा नंबर पुकारला.

दहा तास? कसले दहा तास? हे काही मला माहीत नव्हतं. घरी येऊन मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून बसले. नवरा म्हणाला आता तू वकिली कर. पण खरंच वाचण्यासारखं आहे, आणि आपण लायसन घेताना हे काहीच वाचलेलं नसतं, आठ काढून दाखवला की आपण पास.

तर कलम १२७. गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस किंवा कुणीही जवळ नसताना सोडलेली असेल, किंवा जिथं पार्किंगला कायद्यानं मनाई आहे तिथं उभी असेल, तर गणवेशातला, त्या हद्दीतला पोलीस अधिकारी ती उचलून न्यायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. नीट वाचा, मधे "किंवा" आहे. म्हणजे बोर्ड नसला तरी दहा तास पुरेत, आणि बोर्ड असला तर दहा मिनिटंही नकोत. शिवाय गाडीमुळे रहदारीला धोका होत असेल तर ताबडतोब उचलता येते, तिथं तासांचा प्रश्नच नाही. आणि उचलायचा खर्च मालकाचा, दंड असेल तर तो वेगळा, हेही त्याच कलमात लिहिलेलं. म्हणजे त्या दोन पावत्या कायद्याला धरूनच होत्या, उगाच मी तोंड वाकडं केलं.

मग मी आमच्या रोजच्या रात्रीचा हिशोब मांडला. नवरा साडेआठला येतो, गाडी लावतो. मी सकाळी पावणेसातला काढते. सव्वादहा तास. म्हणजे सफाई मित्र ताईशी बोलत होते त्या सकाळीही आम्ही पंधरा मिनिटांनी कायद्याच्या बाहेर होतो! रविवारी तर विचारूच नका, रविवारी गाडी दुपारी बारापर्यंत हलत नाही. आता कायद्यात "करू शकतो" असं आहे, करेलच असं नाही, इंदूरच्या रस्त्यांवर रात्री उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या उचलायच्या म्हटल्या तर ठेवणार कुठं, म्हणून कुणी घड्याळ लावून बसत नाही. पण आजवर कुणी काही बोललं नाही याचा अर्थ परवानगी होती असा मी जो लावला होता तो चूक, ती निव्वळ सवलत होती, आणि झांकीच्या रात्री ती संपली.

अजून दोन-तीन कलमं आहेत. १२२ मध्ये म्हटलंय की दुसऱ्यांना धोका, अडथळा किंवा नको तेवढी गैरसोय होईल अशी गाडी सोडून जायची नाही. यात वेळेचा शब्दच नाही, दिवस नाही, रात्र नाही. २०१ मध्ये रहदारी अडवणाऱ्या गाडीला ५०० रुपयांपर्यंत दंड. गंमत म्हणजे हे कलम आधी फक्त बंद पडलेल्या गाड्यांसाठी होतं आणि तासाला पन्नास रुपये होते, २०१९ च्या दुरुस्तीत "बंद पडलेल्या" हा शब्दच काढून टाकला, म्हणजे आता धडधाकट गाडीही त्यात येते. आणि ज्याला वेगळं कलम नाही अशा किरकोळ उल्लंघनाला १७७, पहिल्यांदा ५०० आणि पुढं १५०० पर्यंत. हे केंद्राच्या कायद्यातले आकडे, जागच्या जागी भरून मोकळं व्हायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे पावतीवरचा आकडा आणि कायद्यातला आकडा जुळला नाही तर लगेच भांडायला जाऊ नका.

पण मला सगळ्यात पटलं ते गाडी कुठं उभी करायची नाही याची यादी वाचताना. आधी १९८९ चे रस्त्याचे नियम होते, २०१७ मध्ये नवे आले, आणि यादी साधारण तीच, फुटपाथवर नाही, चौकाजवळ नाही, वळणावर नाही, झेब्रावर नाही, बसस्टॉप, शाळा, दवाखान्याच्या तोंडाशी नाही, कुणाचं गेट अडवून नाही, उभ्या गाडीला खेटून दुसरी रांग नाही. हे सगळं आपल्याला न वाचताही माहीत असतं, मोडतो ती गोष्ट वेगळी. पण १९८९ च्या यादीत एक ओळ होती, उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या समोर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, गाडी लावायची नाही. ती वाचून मला आधी हसू आलं, आमची अख्खी गल्ली अशीच उभी असते. मग टेप घेऊन गल्ली मोजली. (नवऱ्यानं खिडकीतून फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, असो.)

पंधरा फूट म्हणजे ४.५७ मीटर. वॅगनआरची रुंदी १.६२ मीटर, आरसे सोडून. ओटल्याची पायरी आणि नाली मिळून एक फूटभर सोडावंच लागतं. एका बाजूला एक गाडी लावली की उरतात २.६५ मीटर. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोठ्या वाहनाची जास्तीत जास्त रुंदी आहे २.६ मीटर. म्हणजे अग्निशमनची पूर्ण रुंदीची गाडी पाच सेंटीमीटरच्या फरकानं, ड्रायव्हरनं श्वास रोखून धरला तर, आत येऊ शकते. आता समोरच्या बाजूलाही गाडी लावा, अगदी दोन्ही भिंतींना चिकटवून लावा, उरतात १.३३ मीटर. त्यातून स्ट्रेचर जाईल, अँब्युलन्स नाही. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी, आमचीही गाडी अजून गल्लीतच उभी असताना, रात्री अडीच वाजता दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून मेन रोडपर्यंत उचलून नेलं होतं, नवऱ्यानं आणि समोरच्यांच्या मुलानं मिळून. त्या रात्री मला समोरच्यांच्या मुलाचं फार कौतुक वाटलं होतं. तेव्हा डोक्यातच आलं नाही की खुर्ची उचलायची वेळ त्याच्या गाडीमुळे आणि आमच्या गाडीमुळे आली होती.

रात्रीचं पार्किंग म्हणजे हेच आहे बघा. दिवसा गाडी अडली तर हॉर्न मारता येतो, मालक दुकानातून हात पुसत पळत येतो. रात्री मालक झोपलेला, फोन सायलेंट, आणि कुणाची गाडी आहे हे शोधण्यात पंधरा मिनिटं जातात. मग रात्री नियम सैल असावा की कडक? मला तर आता उलटंच वाटायला लागलंय.

एक नियम मात्र वाचून मी मोठ्यानं हसले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०९, पार्किंग लाइट. गाडीला पुढं आणि मागं पार्किंगचे दिवे हवेत आणि गाडी रस्त्यावर उभी असतानाही ते चालू राहायला हवेत. रात्रभर! सकाळी बॅटरी उतरलेली आणि मग धक्का मारायला परत समोरच्यांचाच मुलगा. अर्थात अंधाऱ्या हायवेच्या कडेला उभ्या ट्रकला मागून धडकून माणसं मरतात त्यासाठी हा नियम किती गरजेचा आहे ते कळतं, पण रामबागेत खांबाच्या दिव्याखाली कुणी पाळेल असं वाटत नाही. मी निदान मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी नवी लावून घेतली.

आता विटा आणि कुंड्या. हा विषय नाही काढला तर इंदूरच काय कुठल्याच गावाचं पार्किंग पूर्ण होत नाही. आमच्या भागात घरासमोरची जागा अडवायला लोक काय काय ठेवतात, मोडकी प्लास्टिकची खुर्ची, सिमेंट भरलेला डबा आणि त्यात रोवलेला पाइप, तुळस वाळलेली कुंडी, एकांनी तर जुनं कमोड ठेवलं होतं. आणि गेटवर पाट्या, "गेट के सामने गाड़ी खड़ी न करें, अन्यथा हवा निकाल दी जाएगी". मला वाटायचं हा त्यांचा हक्कच आहे, त्यांचं घर, त्यांच्या समोरचा रस्ता. नाही हो. गेट अडवणं नियमात मना आहे हे खरं, म्हणून पाटीचा पहिला अर्धा भाग बरोबर, पण हवा सोडायचा हक्क घरमालकाला कुणी दिलेला नाही. आणि गेट सोडून पुढची जी वीस फूट जागा आपण कुंड्यांनी धरतो ती सार्वजनिक रस्ता आहे, तिथं वस्तू ठेवून अडथळा करणं हा उलट आपल्यावरच गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम २८५, दंड पाच हजारांपर्यंत, आधी जुन्या आयपीसीत तो दोनशेच होता. मी हे कोपऱ्यावरच्या काकांना सांगितलं, त्यांच्याही दोन कुंड्या आहेत. ते म्हणाले, "अगं, माझ्या कुंड्या आहेत म्हणून तर तुझ्या सासूला रिक्षात बसवायला जागा मिळते." आता याला काय उत्तर देणार, खरंही आहे.

आणि हे फक्त आपल्याकडेच असं नाही बरं का. नणंद शिकागोला आहे, तिला व्हिडिओ कॉलवर क्रेनची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, वहिनी, इथं तर दरवर्षी. तिथं १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे ३ ते ७, ठरलेल्या मोठ्या रस्त्यांवर, एकूण १०७ मैल, गाडी उभी करायचीच नाही. बर्फ पडो न पडो. कडक ऊन पडलेलं असलं तरी तारीख म्हणजे तारीख, कारण बर्फ काढायच्या गाड्यांना रस्ता मोकळा हवा आणि बर्फ काही विचारून पडत नाही. त्याशिवाय अजून सुमारे ५०० मैल रस्ते असे की दोन इंच बर्फ साचला की तिथूनही गाडी काढायची. पहिल्या वर्षी तिची गाडी गेली होती, आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं, आता माझी गेली म्हटल्यावर सांगितलं. पण मला जास्त आवडलं ते पुढचं. तिथं आपण फावड्यानं बर्फ काढून जागा केली की लोक त्या जागेत खुर्ची ठेवून कामाला जातात, इस्त्रीचं टेबल, बादल्या, काय वाट्टेल ते, आणि ती जागा त्याची असं सगळे मानतात. त्याला डिब्स म्हणतात. कायद्यात बसत नाही, पण चालतं. मी तिला आमच्या गल्लीतल्या कमोडचा फोटो पाठवला, ती म्हणे हा तिकडं पहिला नंबर मिळवेल.

सगळ्यात कडक जपान. तिथं १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा आहे हे आधी दाखवा, घरापासून दोन किलोमीटरच्या आत, पोलीस त्याचा दाखला देतात, आणि मगच गाडी नावावर होते. आणि रस्त्यावर एकाच जागी दिवसा बारा तास, रात्री आठ तासांपेक्षा जास्त गाडी उभी ठेवायची नाही. बघा, रात्रीची मुदत कमी! माझं म्हणणं तेच होतं. आपल्या देशात ऐझॉलला गाडी घेताना गॅरेज दाखवावं लागतं. इंदूरला तसा नियम आला तर आमची वॅगनआर आमच्या नावावर झालीच नसती, आणि खरं सांगायचं तर गल्लीचं भलं झालं असतं.

दादा पुण्याला असतो, त्याला वाटतं पुण्याचं सगळंच चांगलं, म्हणून तो पी-१ पी-२ ची टेप लावतो, विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला, भांडणच नको. मी म्हटलं, दादा, तारीख रात्री बारालाच बदलते ना, मग रात्री नऊला योग्य बाजूला लावलेली गाडी बारा वाजून एक मिनिटानं चुकीच्या बाजूला की रे. तो म्हणाला रात्री कोण बघतंय. म्हणजे तेच, इंदूर काय आणि पुणे काय.

तर मग आपल्या रस्त्याचा नेमका नियम कळणार कुठून? मी ते शोधायला दोन ठिकाणी जाऊन आले. कलम ११७ प्रमाणे गाड्या कुठं आणि किती वेळ उभ्या करायच्या ते राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ठरवतो, स्थानिक संस्थेचं मत घेऊन. एका ऑफिसात मला सांगितलं हे पोलिसांचं काम, दुसऱ्या ऑफिसात सांगितलं हे पालिकेचं काम, आणि दोघांनी चहा विचारला, तेवढं इंदूर आहे. शेवटी आमच्या चौकात उभ्या असणाऱ्या ट्रॅफिक हवालदारालाच विचारलं आणि त्यानं दोन मिनिटांत सांगितलं, इथून तिथपर्यंत पिवळी पट्टी आहे ती बघा, त्या खांबावरची खूण बघा. निळी गोल पाटी, लाल काठ आणि एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंग नाही, माणूस उतरवायला क्षणभर थांबलात तर चालेल. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही. इतकी वर्षं मी त्या दोन पाट्या एकच समजत होते. आमच्या मेन रोडवरची पाटी होती, बरं का, कडुलिंबाच्या फांदीमागं, एका क्लासच्या फ्लेक्सखाली अर्धी झाकलेली. हवालदाराला म्हटलं दिसत नाही ही, तर तो म्हणाला, "मैडम, हमें तो दिखती है."

आणि सणावाराच्या रात्रींचं वेगळं, रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक), अनंत चतुर्दशी, तेव्हाचे आदेश त्या-त्या वेळी निघतात, आदल्या दिवशीचा पेपर नीट वाचायचा, माइक ऐकायचा आणि गावाला जाताना चावी कुणाकडे तरी ठेवून जायची. हे शेवटचं सगळ्यात कामाचं. आता आमची एक चावी काकांकडे असते. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण त्यांना समोरच्यांचा मुलगा बोलावता येतो.

हा आता समोरच्यांशी काय ठरलं ते राहिलंच. टेप घेऊन काढलेले आकडे मी त्यांना दाखवले, भाभी आधी जरा घुश्श्यात होत्या, त्यांना वाटलं मी त्यांची गाडी काढायला सांगायला आले, मग खुर्चीची रात्र निघाली आणि त्या गप्प झाल्या. ठरलं असं की गल्लीत रात्री एकाच बाजूला गाड्या, आमच्या बाजूला नाली उघडी म्हणून त्यांच्या बाजूला, आणि आम्ही आमची दुसरीकडे बघायची. हो, आम्ही हरलो, पण पाच सेंटीमीटरनं अग्निशमनची गाडी जिंकली असं नवरा म्हणतो.

दुसरीकडे म्हणजे दोन गल्ल्या सोडून एक मंगल कार्यालय आहे, त्यांच्या मैदानात महिन्याच्या बाराशे रुपयांवर जागा मिळाली. भिंतीकडेची, वर पत्रा. ऑक्टोबरपासून गाडी तिथं. सकाळी मेन रोडवरून चालत जाते तेव्हा आमचा जुना चौकोन दिसत नाही, तिथं आता दुसऱ्या कुणाची तरी पांढरी गाडी असते आणि तिच्याखाली पानं. सफाई मित्र ताई भेटली की म्हणते, "दीदी, आपका डब्बा मैंने दूसरे को दे दिया."

जागा देताना मॅनेजरनं एकच अट घातली होती, लग्न असेल त्या रात्री मैदान रिकामं करून द्यायचं. तेव्हा मोठ्या उदारपणे हो म्हटलं, पितृपक्ष चालू होता, लग्न कुठली आलीत. आता तुळशीचं लग्न झालं. मॅनेजरनं काल यादी पाठवली, या महिन्यात अकरा तारखा. आज पहिली. आत्ता रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी नवरा गाडी मेन रोडवर, पाटीच्या हद्दीच्या पलीकडे, लावून आलाय आणि फोनवर सव्वासहाचा अलार्म लावतोय.